पावसाळ्यात उचललेली टेबलाची फळी

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये सुतारकामाची कार्यशाळा चालते. तिथे एप्रिलमध्ये ६०० मिमी रुंदीचं सागवानी टेबल केलं. जुलैत वरची फळी मधोमध उचलली. रंधा मारून सपाट करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रंधा अजिबात लावू नका. आत्ता सपाट केलेली फळी हिवाळ्यात सुकली की मध्ये खोलगट होईल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. त्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी वाढला, तर एवढ्या रुंदीचं सागवान साधारण ५ मिमी फुगतं. कडा स्क्रूने जखडलेल्या असल्या, की फळी वर उचलली जाते.

सगळे स्क्रू काढा. फळी पट्ट्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना हवा लागू द्या. मग चौकटीच्या आडव्या पट्ट्यांत मधलं भोक गोल ठेवा, कडेची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा : ५ मिमीच्या स्क्रूला साधारण १४ मिमी. वॉशर घाला, स्क्रू आवळा आणि पाव फेरा सैल सोडा.

खालची बाजूही तपासा. ती बहुतेक वेळा कोरीच सोडलेली असते. तसं असेल तर खालून ओल शिरते आणि कडा वर वळतात. वर जितके पॉलिशचे हात, तितकेच खाली द्या.

पुढच्या वेळी फळ्या शेडच्या काँक्रीटवर टेकवू नका, जमिनीतून ओल चढते. मध्ये २० मिमी जाडीच्या पट्ट्या ठेवून दोन आठवडे रचा, मगच कापा.