इसारपत्राची मुदत संचारबंदीत संपली; आता नागपूरला यावे का?

प्रश्न : मी पुण्यात राहते. नागपूरच्या महाल भागातले वडिलोपार्जित घर वाटणीत माझ्या एकटीच्या नावावर आले असून ते विकण्यासाठी मी इसारपत्र केले होते. विक्रीपत्राची मुदत २० मार्च २०२५ होती. १७ मार्चला दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि मी तिकीट रद्द केले. आता खरेदीदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत रजिस्ट्री करून द्या, नाहीतर इसाराची दुप्पट रक्कम द्या. संचारबंदी उठली असली तरी घरचे मला जाऊ देत नाहीत. धाकटा भाऊ नागपुरातच राहतो. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. २० मार्चला आपण आला नाहीत, हा पहिला आणि आज आपण येऊ इच्छीत नाही, हा दुसरा. कायदा या दोन्हींकडे सारख्या नजरेने पाहत नाही, म्हणून आपणही ते वेगळे ठेवावेत.

पहिल्या प्रश्नात आपली बाजू चांगली आहे. दंगलीनंतर पोलीस आयुक्तांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काही ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावली होती. ती टप्प्याटप्प्याने उठली. नंदनवन आणि कपिलनगर भागांतून आधी, तर कोतवालीसारख्या भागांतून शेवटी, २३ मार्चला. महालचा मोठा भाग कोतवाली ठाण्याकडे येतो, म्हणजे आपल्या मुदतीच्या दिवशी तिथे निर्बंध कायम होते. असा आदेश मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे, त्यामुळे तो पाळणाऱ्या व्यक्तीने करार मोडला असे म्हणणे खरेदीदाराला सोपे जाणार नाही. मात्र संचारबंदी सबंध शहरात नव्हती, आणि दुय्यम निबंधकाचे, म्हणजे रजिस्ट्रीचे, कार्यालय तिच्या बाहेर होते असा युक्तिवाद समोरून येऊ शकतो. म्हणून ते कार्यालय कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे आधी पाहून घ्यावे, आदेशाची प्रत मिळवावी आणि रद्द केलेल्या तिकिटाची नोंद जपावी. तिकीट रद्द करताना आपण खरेदीदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर काही कळवले असल्यास तो फोन बदलू नये आणि संदेश पुसू नयेत. ते पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात मुदत हा कराराचा प्राण आहे असे सहसा गृहीत धरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चांद राणी विरुद्ध कमल राणी या १९९२ च्या निकालात ही भूमिका स्पष्ट केली आहे. करारातील शब्द आणि परिस्थिती यांवरून वेगळा हेतू दिसू शकतो, म्हणून मुदतीबद्दलचा परिच्छेद वकिलाला अक्षरशः वाचायला द्यावा. दुप्पट रकमेची मागणीही जशीच्या तशी मान्य करण्याचे कारण नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते, आणि त्यासाठी मुळात करारभंग आपल्याकडून झालेला असावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मला आपल्याला सावध करावे लागेल. शहरात दंगल झाली म्हणून करारच संपला, असे कोणी सुचवत असेल तर ते मानू नका. करार कायद्याच्या कलम ५६ खाली करार निष्फळ ठरतो तो त्याचे पालन अशक्य झाल्यावर. काही दिवसांच्या अडथळ्याने तसे होत नाही. संचारबंदी उठल्यावर मनातली भीती, ती कितीही खरी असली तरी, करार न पाळण्याचे कारण म्हणून न्यायालयात टिकत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १० खाली करारपूर्तीचा हुकूम देणे हा पूर्वीसारखा न्यायालयाच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. खरेदीदाराने पैशांसह आपली तयारी सिद्ध केली, तर आपले घर आपल्या मर्जीविरुद्ध, वर दाव्याच्या खर्चासह, विक्रीपत्रात जाऊ शकते.

तरीही करार पाळण्यासाठी आपण स्वतः नागपुरात हजर असलेच पाहिजे असे नाही, आणि आपल्या घरच्यांच्या काळजीला हेच खरे उत्तर आहे. धाकट्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा दस्त, करावे. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ते आपण जिथे राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या, दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे. साध्या नोटरीवर भागवू नये. भाऊ विश्वासाचा असला तरी अधिकार नेमका लिहावा : हेच घर, हाच खरेदीदार, ठरलेली किंमत, विक्रीपत्रावर सही आणि नोंदणी. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार देऊ नये, ती थेट आपल्या बँक खात्यात यावी. भावंडांमधले अनेक तंटे मी अशाच सैल लिहिलेल्या मुखत्यारपत्रांतून उभे राहिलेले पाहिले आहेत, म्हणून हा आग्रह.

आता येण्याबद्दल. रजिस्ट्रीसाठी येण्याची गरज उरत नाही, पण आईवडिलांचे सामान, जुनी कागदपत्रे आणि देवघर आपल्याच हाताने आवरावे असे आपल्याला वाटत असेल, तर कायद्याची आडकाठी नाही. देशभर मुक्त संचाराचा अधिकार आपल्याला संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे, आणि त्यावरचा निर्बंध लेखी आदेशानेच येतो, नातेवाइकांकडून फिरत आलेल्या चित्रफितींनी नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी भावाने कोतवाली ठाण्यात प्रत्यक्ष जाऊन जमावबंदीचा आदेश लागू आहे का, याची खात्री करावी. तसा असल्यास सामान हलवायला एकाच वेळी पाच किंवा अधिक माणसे दाराशी जमवू नयेत. ताबा देण्याची तारीख रजिस्ट्रीहून निराळी आणि थोडी पुढची ठेवावी, म्हणजे परिस्थिती पाहून आपला प्रवास ठरवता येईल, पण खरेदीदाराचे काम अडणार नाही. ताब्याचे हे वेगळेपण विक्रीपत्रातच लिहून घ्यावे.

सर्वांत तातडीचे काम नोटिशीच्या उत्तराचे आहे. गप्प राहिल्यास पुढे दाव्यात तीच आपल्याविरुद्धची बाजू होईल. २० मार्चला काय परिस्थिती होती, आपण व्यवहाराला तयार आहात, मुखत्यार कोण आहे आणि कोणत्या तारखेला तो निबंधक कार्यालयात हजर राहील, एवढे उत्तरात यावे. दंगलीबद्दल किंवा खरेदीदाराबद्दल मत व्यक्त करणारे एकही वाक्य नको. पंधरा दिवस नोटीस हाती पडल्यापासून मोजायचे की तिच्यावरील तारखेपासून, हे नोटिशीतच वाचावे आणि उत्तर त्याआधी पोचेल अशा बेताने वकिलामार्फत पोचपावतीसह पाठवावे.