स्वरयंत्रात शेंगदाणा अडकला तर केळं खायला द्यावं का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर भेळ खाताना चार वर्षांच्या मुलीला जोराचा ठसका लागला, तेव्हापासून आवाज घोगरा झालाय, तर केळं किंवा भाताचा गोळा देऊन दाणा खाली ढकलावा का. नको, अजिबात नको! केळं अन्ननलिकेतून जातं. दाणा श्वासाच्या वाटेवर असेल तर त्याचा काही उपयोग नाही, उलट दाणा काढायला भूल देताना भरलेलं पोट धोक्याचं.

ती बोलतेय, खोकतेय तोवर तिला खोकू द्या. पाठीवर उगाच थापट्या मारू नका, तोंडात बोट घालू नका. दाणा आणखी आत सरकतो. पण आवाजच फुटेना, ओठ निळे पडले, तर वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर ५ जोरदार थापा आणि मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब, आलटून पालटून. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र दाब देत नाहीत, छातीवर देतात. एकाने तेवढ्यात १०८ लावावा. बेशुद्ध पडली तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीदाब आणि तोंडाने श्वास.

आज बरी दिसली तरी आजच सीपीआरला किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या (इथला सीपीआर म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी परतू नका. भूल देऊन दुर्बिणीने बघतात आणि चिमट्याने काढतात. श्वास पूर्ण कोंडला असेल तरच गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागते.