‘याचा ऑटिझम वाढलाय का?’

लातूर, परभणी, नांदेड, कुठूनही पालक येवोत, हा प्रश्न ठरलेला. समुपदेशक म्हणून माझं उत्तरही ठरलेलं: ऑटिझम असा दोन महिन्यांत वाढत नसतो. वागणं अचानक बदललं की मी आधी शरीराकडं बघते, मनाकडं नंतर.

औशाकडचा 17 वर्षांचा मुलगा. गणितात हुशार, म्हणून अकरावीला लातूरच्या वसतिगृहात. दिवाळीनंतर तो भिंतीवर डोकं आपटायला लागला, रात्र रात्र जागायचा, कपडेही खराब व्हायचे. घरच्यांनी जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी दिली.

“लई चिडायलाय, मॅडम. कुठं दुखायलंय का म्हणलं तर नाही म्हणतंय,” आई सांगत होती.

नाहीच म्हणणार. भूक, तहान, पोटातली कळ या आतल्या खुणा बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना उशिरा किंवा पुसट कळतात. म्हणून मी दुखण्याचं विचारतच नाही, दिवस विचारते.

“उठल्यावर काय करतोस?”

“दात घासतो. मग क्लास.”

“संडास?”

“तिथं नाही. फिनेलचा वास येतो. बाहेर पोरं दार वाजवतात.”

“मग कधी?”

“घरी. शनिवारी.” जरा वेळानं स्वतःहूनच म्हणाला, “आता शनिवारी पण होत नाही.”

जायला लागू नये म्हणून पाणी कमी, आणि मेसची भाकरी घरच्यासारखी नाही म्हणून नुसता भात आणि बिस्किटं. चार प्रश्नांत सगळं समोर आलं. आमच्या क्षेत्रात सल्ला देणारे पुष्कळ, संडासचं विचारणारे थोडे!

डॉक्टरांनी पोट तपासलं. मळ खडा होऊन साठला होता आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपत होता. तोच घरच्यांचा ‘जुलाब’. पोट मोकळं झालं तसं डोकं आपटणंही ओसरलं. तोवर घरात रिस्पेरिडोनचा, म्हणजे चिडचिडीवरच्या औषधाचा, डोस वाढवून घ्यायचं चाललं होतं. त्या औषधानं बद्धकोष्ठ आणखी वाढू शकतं.

सहकाऱ्यांनो, तुलना दुसऱ्या मुलांशी करू नका, त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. हसतोय म्हणजे दुखत नाही, असं धरू नका. दाढ, कान, मुलींची पाळी, झोप, नवीन सुरू झालेलं औषध, सगळं विचारा. क्षणभर हरवल्यासारखं बघणं ‘लक्ष नाही’ म्हणून सोडू नका. ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं आणि कधी कधी वयात येतानाच त्या सुरू होतात. निदान आपलं काम नाही. पण दवाखान्यात ‘हे ऑटिझममुळंच’ असं ऐकून पालक परत येतात, म्हणून मी सोबत चिठ्ठी देते: एरवी तो कसा असतो, काय बदललं, कधीपासून, हात लावण्याआधी त्याला काय सांगायचं. शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागून घेते, गर्दी नसते.

पोट फुगून कडक झालं, उलट्या लागल्या, लघवी अडली किंवा फिट आली, तर समुपदेशनाची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.