पंचाला मारहाण झाल्यास कायद्याचे वेगळे संरक्षण मिळते का?
याचे उत्तर देशागणिक बदलते. मारहाण हा मैदानावरही फौजदारी गुन्हाच असतो; मात्र फ्रान्सने २००६ साली कायदा करून पंचाला सार्वजनिक सेवा बजावणाऱ्या व्यक्तीचा दर्जा दिला, त्यामुळे तेथे त्याच्यावरील हल्ल्याला अधिक कडक शिक्षा होऊ शकते. अमेरिकेतील अनेक राज्यांतही असे स्वतंत्र कायदे आहेत.

तुर्कस्तानात डिसेंबर २०२३ मध्ये फुटबॉल सामना संपताच एका क्लबच्या अध्यक्षाने मैदानात शिरून पंचाच्या तोंडावर ठोसा मारला आणि खाली कोसळलेल्या पंचाला इतरांनी लाथा घातल्या. त्या अध्यक्षाला पुढे न्यायालयाने ३ वर्षांहून अधिक कारावास ठोठावला. तो सामना दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिला होता. खरी काळजी वाटते ती छोट्या स्पर्धांतील पंचांची, कारण तेथे ना कॅमेरा असतो ना पोलीस, आणि खेळाडूवर काही सामन्यांची बंदी घालून प्रकरण मिटवले जाते. अशा वेळी पंचाने त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, साक्षीदारांची नावे सामन्याच्या अहवालात नोंदवावीत आणि पोलिसांत तक्रार करावी; संघटनेने शिस्तभंगाची कारवाई केली, तरी तक्रारीचा हा हक्क सहसा संपत नाही.