वाचकांचे प्रश्न : न जुळणाऱ्या दोन बाजू

प्रश्न : चोरबाजारातील एका दुकानातून मी एक जुने नक्षीचे छापील चित्र घेतले. उभ्या पट्टीत वळणारी पाने, मुखवटे आणि बाळे यांची दाटी असून खाली ज्याँ लपोत्र हे नाव आहे. मात्र नक्षीची डावी बाजू उजवीशी जुळत नाही. ही चूक समजावी का? आणि एवढ्या गर्दीत पाहावे तरी काय? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : ही चूक नव्हे. सतराव्या शतकात अशी चित्रे मुख्यतः सुतार, सोनार आणि गिलाव्याचे काम करणारे यांना नमुना म्हणून छापली जात, आणि मध्यरेषेच्या दोन अंगांना दोन वेगळे पर्याय देण्याची रीत तेव्हा रूढ होती. कारागिराने पसंत पडेल ती बाजू घ्यायची आणि दुसऱ्या अंगाला तीच उलटी उतरवायची. सराफाकडे नमुने पाहताना आपणही ‘पान हे, पण लोलक तो’ असे म्हणतोच. फ्रेंच नक्षीचित्रकार लपोत्र (१६१८–१६८२) स्वतः एका सुताराच्या हाताखाली शिकला होता, त्यामुळे लाकडात काय उतरेल याची त्याला पक्की जाण होती.

पाहताना प्रथम अर्धी बाजू कोऱ्या कागदाने झाका. मग पाने सोडून देठ शोधा आणि बोट न टेकवता त्याच्या मागे जा. देठ एका दिशेने वळतो, तिथे पानाचे एक वेष्टन फुटते, त्यातून नवा देठ निघतो आणि तो उलट दिशेला वळतो. सारी गर्दी बहुधा या एवढ्याच चालीवर उभी असते. वळणाच्या पोटात कुठे फूल बसते, तर कुठे कमरेपर्यंतचे बाळ उगवते आणि त्याचे पाय म्हणून पानेच फुटतात. माणूस कुठे संपला आणि वेल कुठे सुरू झाली, ती जागा नेमकी शोधून पाहा. माझ्या मते या कलेची खरी गंमत तिथेच आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी कोरीवकामात इथली झाडे आणि प्राणी ओळखू येतात. तुमच्या चित्रातले पान मात्र नावापुरते अकॅन्थस या काटेरी पानांच्या झाडाचे, ते कोणत्याही बागेत सापडणार नाही.

त्यानंतर सावल्या पाहा. लपोत्रची पाने जाड असून त्यांच्याखाली गडद सावली पडते, कारण ती उठावात कोरण्याच्या कल्पनेने रेखाटलेली असतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारी काम करणाऱ्या ज्याँ बेरँच्या (१६४०–१७११) चित्रांत याउलट बारीक पट्ट्या, तरंगत्या आकृत्या आणि भरपूर मोकळा कागद दिसतो.

शेवटी भिंग घ्या. छपाईच्या धातूच्या पत्र्यावर कोरणीने खोदलेली रेषा मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. आम्लाने खाल्लेली रेषा बहुतेक एकसारख्या जाडीची असून तिचे टोक बोथट असते. लपोत्रचे बरेचसे काम या दुसऱ्या पद्धतीचे आहे. रेषेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती पुढच्या काळातील छायाचित्रावरून केलेली छपाई होय, मग खाली नाव कोणाचेही असो. चित्राभोवती त्या पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट असल्यास ती अनुकूल खूण आहे. मात्र कडा कापलेल्या असतील, तर ती नसण्यावरून काहीच ठरवू नका.