घरी कॉफी भाजायला कोणतं रोस्टर घ्यावं? बजेट १५ हजार, राहायला बेळगावात.

बेळगावात राहता, तर आधी एवढं सांगा: दाणे भाजत असताना लाईट गेली तर काय करणार?

आमच्याकडे शहापुरात हे घडलंय. मोठ्या भाऊजींनी हौसेनं विजेचं ड्रमवालं मशीन आणलं, ३०० ग्रॅमचं, समोर काच. जुलै महिना, बाहेर झड लागलेली. चिकमगळूरहून मागवलेली प्लांटेशन ए, म्हणजे मोठ्या दाण्याची कच्ची अरेबिका कॉफी, आत टाकली. लाह्या फुटाव्यात तशी पहिली तडतड झाली, दाण्याला छान तपकिरी रंग चढला, आणि लाईट गेली. ड्रम थांबला, गार करणारा पंखाही थांबला. दाणे २०० अंशांच्या वर तापलेले. ते तसेच आत पडून भाजत राहिले. काचेतून दिसत होतं, तळाचे दाणे काळे पडून त्यांना तेल सुटत होतं. घरभर धूर, सासूबाईंचा जीव घुसमटला. यांनी पोत्याचा तुकडा हाताला गुंडाळून झाकण ओढलं, तशी आतली टरफलं भुर्रकन पेटली. विझली लगेच, पण माझे हातपाय गळाले होते.

भाऊजी आजही म्हणतात, बी जुनी होती. त्याच पाकिटातले पाव किलो दाणे मी दुसऱ्या दिवशी गॅसवर हातानं भाजले. २१२ ग्रॅम भरले, एकसारखे, आणि अख्ख्या घरानं ती कॉफी दोन-दोनदा मागून प्यायली. जुन्या बीची अशी कॉफी होते का?

गॅसवर हातानं फिरवायचा माझा ड्रम उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेला आहे. स्टेनलेसचा, आत दाणे उलटायला तीन पाती, बाजूला लाकडी मूठ. पत्रा अखंड घ्या. जाळीचा नको, ज्योत थेट दाण्याला लागते आणि टरफलं बर्नरवर पडतात. तुमच्या बजेटच्या खूप खाली काम होतं.

भाजण्याइतकंच गार करणं महत्त्वाचं, आणि मशीन निवडताना लोक तेच विसरतात. दाणे तडक मोठ्या स्टीलच्या चाळणीत ओतायचे, दोन मिनिटं हलवायचे, मग सुपात घेऊन अंगणात पाखडायचे. टरफलं उडून जातात आणि चार मिनिटांत दाणा हाताला सोसतो. फिल्टर कॉफीसाठी मी दुसरी बारीक तडतड कानावर येताच उतरवते. दळायची घाई नको, एक दिवस तरी दाण्यातला गॅस निघून जाऊ द्या.

इन्व्हर्टरवर चालेल असं कुणी सांगितलं तर मशीनचे वॉट बघा. हीटर हजाराच्या वर असतो, घरच्या साध्या इन्व्हर्टरला तो ओढत नाही. अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर ते १२० व्होल्टचं नाही ना, हेही बघा.

आता हेही खरं, की पंधरा मिनिटं मूठ फिरवून खांदा भरून येतो, आणि फ्लॅटमध्ये उघडी गॅलरी नसेल तर धुरानं शेजारी वैतागतील. एकट्यापुरती हवी असेल तर गरम हवेचं छोटं मशीन चालेल, १०० ग्रॅमच्या आसपासचं. मोठं विजेचंच घ्यायचं असेल तर दुकानदाराला चालू मशीनचा प्लग काढून दाणे बाहेर काढून दाखवायला सांगा. भाऊजी मशीन आणायला निघाले तेव्हा मी हेच म्हटलं होतं.