मित्रांसोबत पहिल्यांदा महागड्या रेस्टॉरंटमध्ये जाताय?

छान बेत आहे, नक्की जा! फक्त टेबल बुक करण्याआधी माणशी किती खर्च करायचा, हे ग्रुपमध्ये उघड बोलून घ्या. कुणाचा हात आखडता असतो, कुणी दारू घेत नाही. बिल आल्यावर हे विषय निघाले की मनं दुखावतात. मी हे अनुभवलंय. दारूचं बिल वेगळं मागा, पिणाऱ्यांनीच ते वाटून घ्यावं.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- 'आजचं स्पेशल' सुचवलं तर किंमत बिनधास्त विचारा.
- 'साधं पाणी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर महागडी बाटली येते.
- सगळं एकदम मागवू नका. चौघांत दोन-तीन स्टार्टर, मग भूक बघून पुढचं.
- बिल नीट वाचा. जीएसटी द्यावाच लागतो: साधारण ५ टक्के, मोठ्या तारांकित हॉटेलांत १८. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची तशी मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवली. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. कुणी आपुलकीने वाढलं असेल, तर टीप त्याच्या हातात द्या.

काटे-चमच्यांचे नियम, वाइनची निवड हे सध्या राहू द्या. रोटी हातानेच खा.